लोहाचे कुलूप आणि उसाचे बेणे



चुनखडीच्या रानात उसाला केवडा पडला, कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की हिराकस द्यायची, हे आता कुणाला सांगावे लागत नाही. पण गटात फिरताना आमच्या कानावर येते, "साहेब, लोह जादा दिले की पीक रोगालाही दाद देत नाही." हे मात्र खरे नव्हे. लोह जसे पिकाला लागते तसे रोगजंतूलाही लागते.

म्हणून वनस्पती जादा लोह मोकळे ठेवीत नाही. फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ गोळ्यात ती ते साठवते. एका गोळ्यात लोहाचे ४५०० पर्यंत अणू मावतात. १९३७ साली लाउफबर्गर या झेक शास्त्रज्ञाने हे प्रथिन घोड्याच्या प्लीहेतून वेगळे केले. पुढे ते वनस्पतींतही सापडले.

मऊ कूज करणारा एक जंतू लोह ओढून घेणारे पदार्थ बाहेर सोडतो. मोहरीच्या कुळातील अराबिडॉप्सिस या लहान रोपावर फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. ते २००५ साली प्रसिद्ध झाले. जंतूच्या त्या पदार्थांची चाहूल लागताच रोप फेरिटिन वाढवते, म्हणजे लोह कुलपात घालते, असे त्यात दिसले. ज्या रोपात हे फेरिटिन बनत नव्हते, ते रोगाला जास्त बळी पडले.

हा प्रयोग उसावरचा नव्हे, आणि त्यातून फवारणीचे औषधही निघालेले नाही. बोध एवढाच, की कमतरता भरून काढणे वेगळे आणि रोग हटवणे वेगळे. माती तपासून लोह कमी निघाले तरच हेक्टरी २५ किलो हिराकस शेणखतात मुरवून द्यावी. उगाच पोती रिकामी करू नयेत.

खोडव्याची वाढ खुंटवणारा जंतू बेण्यातून आणि कोयत्यातून पसरतो. वरून खूण दिसत नाही. कांड्या आखूड पडतात, ऊस बारीक राहतो आणि टनेज घटले की मग समजते. त्याला हिराकशीचा उतारा नाही. बाष्पयुक्त उष्ण हवेत ५४ अंश सेल्सियसला अडीच तास प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून वाढवलेले बेणेच लावावे. खोडव्यातले बेणे घेऊ नये. बेणे तोडताना कोयता जंतुनाशकात बुडवून घ्यावा.

कुलूप पिकाचे पीक लावील. चोर रानात आणायचा नाही, एवढे आपल्या हाती आहे.