सत्तरपर्यंत न पोहोचणारा पाढा
सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९४७ ची आणि कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची १९६० ची असली, तरी तेथे मराठी माध्यमातून येणाऱ्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंग, म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या सूचना लिहिण्याचे शास्त्र, आजही नवखेच असते. म्हणून अल्पावधीत सलग सराव करून घेणारा वर्ग, म्हणजेच ‘बूटकॅम्प’, त्याला मोठा आधार ठरू शकतो. अशा वर्गात पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सातचा पाढा छापताना ‘रेंज’ या सूचनेला १ आणि १० या मर्यादा दिल्यास पाढा ‘सात नव्वे त्रेसष्ट’वरच थांबतो, कारण ही सूचना शेवटची संख्या वगळते. अशा वेळी मार्गदर्शकाने कळफलक स्वतःकडे ओढून चूक दुरुस्त करण्याऐवजी प्रत्येक फेरीतील किंमत विद्यार्थ्याला वहीत मांडायला लावणे अधिक हिताचे, कारण त्यातूनच ‘लूप’, म्हणजे सूचनांची पुनरावृत्ती, खऱ्या अर्थाने उमगते. इंग्रजी भाषेची अडचणही वाटते तेवढी अभेद्य नाही: पायथन ३ मध्ये ‘बेरीज’ हे चलाचे, म्हणजे किंमत साठविणाऱ्या जागेचे, नाव देवनागरीत ठेवता येते, आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाचे अनेक दृक्श्राव्य पाठ मराठीतूनही विनामूल्य उपलब्ध आहेत.