देवापुढे दुसऱ्याला नमस्कार : वैष्णव आचारातील एक प्रश्न (दाभोळ परिसराच्या संदर्भात)

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले दाभोळ हे बंदर म्हणून इतिहासाला परिचित आहे. बहमनी काळातील त्याची भरभराट, अफानासी निकितीन या रशियन प्रवाशाने पंधराव्या शतकात केलेला त्याचा उल्लेख आणि आदिलशाही अमदानीतील येथील मशीद यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विष्णुक्षेत्र म्हणून मात्र दाभोळची ख्याती नाही. येथील श्रीचंडिकेचे स्थान खडकातील गुहेत आहे. आत जाताना मान वाकवावी लागते आणि देवीचे दर्शन समईच्या मंद उजेडात घ्यावे लागते. येणारा कोणत्याही कुळातील असो, दगड त्याला वाकवितोच. वैष्णव आचाराचा विचार येथून आरंभण्याचे कारण हेच. देवापुढे वाकणे सर्व संप्रदायांस समान आहे. वैष्णवांचे, विशेषतः वारकऱ्यांचे, वेगळेपण देवाच्या साक्षीने माणसापुढे वाकण्यात आहे. हे वाकणे शास्त्राला मान्य आहे काय, आणि ते मंदिराबाहेर कितपत टिकते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. शास्त्रग्रंथांतील दोन मते

नमस्काराचे शास्त्र आपल्याकडे जुने आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अभिवादनाचा विधी तपशिलाने आला आहे. धाकट्याने थोराला स्वतःचे नाव सांगून अभिवादन करावे, थोराने प्रत्यभिवादन करावे, आणि ज्याला प्रत्यभिवादनाची रीत ठाऊक नाही त्याला अभिवादन करू नये, असा तो नियम आहे. भेटलेल्या माणसाचे क्षेम विचारण्याचे शब्दही तेथे वर्णपरत्वे वाटून दिलेले आहेत. ब्राह्मणाला ‘कुशल’, क्षत्रियाला ‘अनामय’, वैश्याला ‘क्षेम’ आणि शूद्राला ‘आरोग्य’ विचारावे. याचा अर्थ असा की, समोरच्या माणसाचा वर्ण ठाऊक झाल्यावाचून त्याची साधी विचारपूसही शास्त्रशुद्ध रीतीने करता येत नाही. अभिवादन हा येथे उतरंड ओळखण्याचा आणि ती पुन्हा दृढ करण्याचा विधी आहे.

वैष्णव पूजाविधीच्या ग्रंथांत दुसऱ्या प्रकारची मर्यादा आढळते. वराहपुराणाच्या परंपरेतून आलेली आणि सोळाव्या शतकात वृंदावनात रचलेल्या हरिभक्तिविलासासारख्या निबंधग्रंथांत संकलित झालेली सेवापराधांची गणना प्रसिद्ध आहे. हे अपराध सामान्यतः बत्तीस मानले जातात. पादत्राणांसह अथवा वाहनात बसून देवालयात जाणे, एका हाताने नमस्कार करणे, देवापुढे पाय पसरून बसणे, मोठ्याने बोलणे, देवाकडे पाठ करून बसणे इत्यादी गोष्टी त्यांत येतात. देवालय हा राजाचा दरबार आहे, ही कल्पना यांतील बऱ्याच नियमांच्या मुळाशी दिसते. याच गणनेत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक अपराध आहे : देवापुढे अन्य कोणास अभिवादन करणे. कारण उघड आहे. दरबारात राजा समोर असता सरदाराला मुजरा केला, तर तो राजाचा उपमर्द ठरतो.

आता भागवताकडे वळू. एकादश स्कंधाच्या दुसऱ्या अध्यायात भक्तांचे तीन वर्ग सांगितले आहेत. जो मूर्तीची श्रद्धेने पूजा करतो, परंतु भगवंताच्या भक्तांना आणि इतर प्राणिमात्रांना मानीत नाही, तो प्राकृत म्हणजे प्राथमिक अवस्थेतील भक्त होय. जो ईश्वराविषयी प्रेम, भक्तांशी मैत्री, अज्ञांवर कृपा आणि द्वेष्ट्यांची उपेक्षा करतो तो मध्यम. ज्याला सर्व भूतांत भगवंत आणि भगवंतात सर्व भूते दिसतात तो उत्तम. याच स्कंधाच्या एकोणतिसाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला याहून पुढची गोष्ट सांगतो. आप्तांच्या हसण्याची आणि स्वतःच्या लाजेची पर्वा न करता कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव यांच्यापुढेही दंडवत घालावा, असा तो उपदेश आहे. या संपूर्ण स्कंधावरील एकनाथांची मराठी टीका शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) काशीस पूर्ण झाली आणि वारकऱ्यांच्या नित्यपठनात तिला स्थान मिळाले.

तेव्हा वैष्णव ग्रंथांतच दोन मते आहेत. एका मताप्रमाणे देवापुढे दुसऱ्याला नमस्कार करणे हा अपराध होय. दुसऱ्या मताप्रमाणे जो भक्त केवळ मूर्तीलाच नमस्कार करतो तो सर्वांत खालच्या पायरीवर उभा आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा?

२. वारकऱ्यांनी दिलेले उत्तर

वारकरी संप्रदायाने हा प्रश्न वादविवादाने सोडविला नाही. त्याने तो आचाराने सोडविला. कीर्तनाच्या आरंभी कीर्तनकाराला हार घातला जातो आणि बुक्का लावला जातो. घालणारा त्याच्या पाया पडतो आणि त्याच क्षणी कीर्तनकारही त्याच्या पाया पडतो. आधी कोण वाकला हे पाहणाऱ्यास सांगता येत नाही, आणि या विधीचे मर्म तेच आहे. मनूच्या अभिवादनात आधी आणि नंतर, धाकटा आणि थोर हा क्रम मोलाचा होता. येथे तो क्रमच पुसला गेला आहे. नामसप्ताहात वीणा अहोरात्र उभी असते. ती भूमीवर ठेवावयाची नाही असा दंडक आहे. पहारा संपल्यावर एक वारकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघे परस्परांच्या पायांना हात लावतात. उतरणारा पहारेकरी सधन शेतकरी असो वा चढणारा त्याचा गडी असो, या विधीत फरक पडत नाही.

हाच विचार संबोधनातही आहे. वारकरी भेटला की ‘राम कृष्ण हरी’ म्हणावयाचे आणि त्याला ‘माउली’ म्हणावयाचे. ज्ञानेश्वरांसाठी रूढ झालेले हे नाव वाटेवरच्या कोणाही वारकऱ्याला मिळते. या शब्दाची सोय अशी की, समोरच्याचे आडनाव, गाव वा जात विचारण्याची आवश्यकताच उरत नाही. कोकणात अपरिचिताला पहिला प्रश्न ‘कुठले? कुणापैकी?’ हा असतो. ‘माउली’ या हाकेने तो प्रश्न निदान काही काळ स्थगित होतो.

तुळशीची माळ घेताना वारकरी जी बंधने स्वीकारतो, ती बहुतांशी मंदिराबाहेरची आहेत. सत्य बोलणे, मद्यमांस वर्ज्य करणे, परस्त्री मातेसमान मानणे, एकादशी पाळणे, हरिपाठ म्हणणे आणि वर्षातून एक तरी वारी करणे, ही ती बंधने होत. उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या गोपाळकाल्यात एकाच्या हातचा घास दुसऱ्याच्या मुखी जातो आणि त्याला उष्टे मानीत नाहीत. पंढरपुरात तर भक्त थेट गाभाऱ्यात जाऊन विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवतो. मध्ये पडदा नाही. ज्याला गर्दीमुळे आत जाता येत नाही, तो कळसाला हात जोडून तृप्त मनाने परत फिरतो.

या आचाराचा अर्थ लावला असता सेवापराधाचा पेच सुटतो. ‘अन्य’ कोणास अभिवादन करणे हा अपराध आहे हे वारकऱ्याला मान्यच आहे. समोरचा माणूस देवाहून ‘अन्य’ आहे हे मात्र त्याला मान्य नाही. नियम तोच राहिला आणि त्यातील एका शब्दाचा अर्थ पालटला. गौडीय परंपरेतही नामापराधांच्या गणनेत साधूंची निंदा प्रथम येते. भक्ताचा अवमान देवाच्या अवमानाहून लहान नव्हे, हे मत केवळ महाराष्ट्राचे नाही. महाराष्ट्रात त्याला रोजच्या विधीचे रूप मिळाले, एवढेच.

३. कोकणातील मान आणि माळ

दाभोळ, आसूद व पालगड ही गावे आज रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात मोडतात. आसूदला केशवराजाचे जुने देवालय आहे, म्हणजे विष्णुपूजा या भागाला परकी नाही. तथापि कोकणातील गावाचे धार्मिक जीवन मुख्यतः ग्रामदेवतेभोवती आणि मानाच्या व्यवस्थेभोवती बांधलेले आहे. शिमग्यात पालखी कोणी उचलावयाची, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालावयाचे, हे सारे ठरलेले असते. त्यात चूक झाली तर वर्षानुवर्षे तंटे चालतात. मान हा येथे क्रमाचा विषय आहे. खोतीच्या काळात तर हा क्रम देवळापुरता मर्यादित नव्हता. खोताच्या अंगणात कुळाने कोठे उभे राहावयाचे येथवर तो पोहोचला होता. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली, परंतु मानाची भाषा तिच्याबरोबर गेली नाही.

अशा गावात वारकरी माळ आली म्हणजे दोन आचार शेजारी शेजारी नांदू लागतात. आषाढात भातलावणी ऐन भरात असल्याने कोकणातील शेतकऱ्याला वारीस निघणे अवघड जाते. कापणीनंतरची कार्तिकी वारी त्याला सोयीची पडते. वाशिष्ठीच्या खोऱ्यातून चिपळूणला आणि तेथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जाणारा मार्ग मूळचा व्यापाराचा. देशावर जाण्यासाठी येथील माणसाला सोयीची वाट तीच. घाटापलीकडे जो माणूस सर्वांच्या पाया पडतो, तोच परतल्यावर पालखीच्या मानासाठी अडून बसतो, यात ढोंग पाहणे सोपे आहे. परंतु अभ्यासकाने तेवढ्यावर थांबू नये. वारकरी नमस्काराला काळाची आणि स्थळाची मर्यादा आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

४. दाराशी थांबलेला आचार

ही मर्यादा होती, आणि ती पंढरपुरातच सर्वांत स्पष्ट दिसत होती. परंपरेनुसार चोखामेळ्याचा अंत मंगळवेढ्यास वेस कोसळून झाला आणि त्याच्या अस्थी पंढरपूरला महाद्वारासमोर पुरण्यात आल्या. वारकरी त्या समाधीपुढे वाकत आला. तथापि चोखोबाच्या जातीतील जिवंत माणूस विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या दाराच्या आत जाऊ शकत नव्हता. मृत संताला नमस्कार आणि जिवंत वंशजाला मज्जाव, ही विसंगती शेकडो वर्षे टिकली. ‘वाटचाल’ या लेखात इरावती कर्वे यांनी वारीचे जे चित्र रेखाटले आहे, त्यातही एकत्र गाणारी आणि चालणारी माणसे जेवताना जातवार वेगळी बसतात. काल्यातील घास आणि पंक्तीतील घास यांत असे अंतर पडले होते.

या विसंगतीवरील महत्त्वाचे प्रहार याच जिल्ह्याशी निगडित आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये ‘विटाळविध्वंसन’ लिहून विटाळाच्या कल्पनेलाच शास्त्राधार विचारला. रत्नागिरीत सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने उभारलेले लक्ष्मीनारायणाचे पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्व जातींसाठी उघडले. आणि पालगडच्या खोत घराण्यात १८९९ मध्ये जन्मलेल्या साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ रोजी पंढरपूरला उपोषण आरंभिले. सनातन्यांचा विरोध तीव्र असता त्यांना आसरा मिळाला तो एका वारकरी मठात, तनपुरे महाराजांच्या मठात. दहा मे रोजी उपोषण सुटले आणि विठ्ठलाचे दार उघडले.

साने गुरुजींचा युक्तिवाद कायद्याचा नव्हता. कायदा त्याच वर्षी आपल्या वाटेने येत होता. ज्याला वाळवंटात माउली म्हणता त्याला गाभाऱ्यात अस्पृश्य कसे म्हणता, हा त्यांच्या उपोषणाचा आशय होता. संप्रदायाला त्याच्याच आचाराचा अर्थ त्यांनी विचारला. परंतु हे उत्तर उशिरा आले, हेही नमूद केले पाहिजे. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्येच येवल्यास धर्मांतराची घोषणा केली होती. १९५६ मध्ये नागपूरला लक्षावधी लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा त्यांच्यापुरता मंदिरप्रवेशाचा प्रश्नच उरला नाही. आंबेडकरांनी आपला १९४८ मधील ‘अस्पृश्य’ विषयक ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला होता, हे विसरता येत नाही. संतांविषयीचा आदर राहिला. त्यांच्या नावाने वागणाऱ्या समाजावरचा विश्वास मात्र गेला. आचार आणि व्यवहार यांतील अंतराची किंमत वैष्णव धर्माने या रूपाने मोजली. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयानेच पूर्णपणे संपले.

५. निष्कर्ष आणि पुढील अभ्यास

वरील विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, वारकरी शिष्टाचार ही केवळ नम्रतेची रीत नाही. ‘देवाहून अन्य कोणी नाही’ या सिद्धांताचे ते शरीराने केलेले विधान आहे. विधान करणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचे दायित्व येते. मंदिरातील इतर नियम पाळले गेले की पूर्ण होतात. पादत्राणे बाहेर काढली, प्रश्न संपला. परस्परांच्या पाया पडण्याचा नियम मात्र मंदिरात पूर्ण होत नाही. त्याची परीक्षा पंक्तीत, अंगणात आणि पाणवठ्यावर होते.

या दृष्टीने दापोली तालुक्यात क्षेत्रीय अभ्यासाला मोठा वाव आहे. एकाच गावात पालखीचे मानकरी कोण आणि माळकरी कोण, यांची तुलनात्मक नोंद व्हावी. सप्ताहातील वीणेचे पहारे प्रत्यक्षात कोणाकोणांत वाटले जातात, हे पाहावे. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या भजनी मंडळांत गावचा मान कितपत टिकतो, हेही तपासावे. अशा नोंदी घेणाऱ्या विद्यार्थ्याने एक पथ्य पाळावे. माहितगाराला ‘आपण कोणापैकी?’ हा प्रश्न अभ्यासासाठी विचारावाच लागेल. तो शेवटी विचारावा.