औषधाला दाद न देणारी पेशी

रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेतील अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी असा रोग झालेल्या १६ मुलांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिले. ते लेडर्ले प्रयोगशाळेत आपल्या आंध्रातून गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले होते. १० मुलांना उतार पडला. १९४८ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. पण हा उतार तात्पुरता ठरला. रोग उलटला, आणि मग तेच औषध चालेना. असे का व्हावे?

‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता बदलते ती कर्कपेशींची वस्ती. पेशीचे विभाजन होताना तिच्या डीएनएची नक्कल होते आणि नकलेत कधीकधी एखादे अक्षर चुकते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. अशा चुका औषधाची वाट पाहत नाहीत. त्या आधीपासून होतच असतात. एखाद्या चुकीमुळे पेशी औषधातून वाचते. बाकीच्या मरतात आणि मोकळ्या जागेत तिचीच प्रजा वाढते. डीडीटीला न जुमानणारे डास असेच वाढले.

एक उदाहरण पाहू. ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध पेशीत शिरल्यावर डीएनएचे खोटे अक्षर बनते. ते डीएनएत गुंफले गेले की पेशी मरते. मात्र ‘एनटी५सी२’ या जनुकापासून बनणारे एन्झाइम या खोट्या अक्षरावरील फॉस्फेट काढून टाकते. मग औषध पेशीबाहेर जाऊ शकते. रोग उलटलेल्या काही मुलांच्या कर्कपेशींत याच जनुकात उत्परिवर्तन झालेले आहे, असे २०१३ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांना आढळले. त्यामुळे ते एन्झाइम अतिउत्साही झाले होते!

यावर उपाय काय? थोडे गणित करू. रोग कळतो तेव्हा अंगात सुमारे एक लाख कोटी कर्कपेशी असू शकतात. समजा, दहा लाखांत एक पेशी पहिल्या औषधाला दाद देत नाही. म्हणजे दहा लाख पेशी वाचल्या. अगदी वेगळ्या मार्गाने मारणारे दुसरे औषध जोडले, तर दोन्हींतून वाचणारी पेशी सरासरी एकच! तिसरे जोडले, तर तीही वाचण्याची शक्यता दहा लाखांत एक.

म्हणूनच आज अनेक औषधे एकत्र देतात आणि उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. प्रगत देशांत, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. मूल खेळू-बागडू लागले तरी डॉक्टर सांगेपर्यंत गोळ्या थांबवायच्या नसतात. मागे राहिलेली एकच पेशी ४० वेळा दुप्पट झाली, की आकडा पुन्हा एक लाख कोटींच्या पलीकडे जातो. वहीत मांडून पाहा.