खराब गाठीचा तोटा कोणाच्या माथी?

कापसावर पाणी मारायचं, आत सरकी नि माती दडपायची आणि वजन वाढवायचं, हा प्रकार मुंबईच्या बाजारात इतका बोकाळला होता की 1863 साली सरकारला खास कापसातल्या लबाडीसाठी कायदा करावा लागला. अमेरिकेत यादवी पेटलेली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून इथे येईल त्या मालाला सोन्याचा भाव. अशा वेळी स्वच्छ माल देणाराच वेडा ठरतो. 1865 मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, त्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपन्या बुडाल्या आणि त्यांना सैल हाताने कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बेही मोडीत निघाली.

व्यापाऱ्यांनी पुढे घडी बसवली, हे मान्य केलंच पाहिजे. 1921 साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन स्थापन झाली. त्याच दशकात कुलाब्याचा कापूस बाजार पोर्ट ट्रस्टने भराव घालून काढलेल्या जमिनीवर, शिवडीच्या अलीकडे आला. त्याच्यासोबत कॉटन ग्रीन हे नावही आलं. गाठीतून मूठभर रुई उपसायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, तंतू एकावर एक सरळ लावायचे आणि लांबी, रंग, कचरा नजरेने ठरवायचा, ही इथली विद्या. प्रतीवरून वाद झाला तर असोसिएशनच्या जाणकारांचा निवाडा, तो पटला नाही तर अपील. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि क्रमांक सक्तीचा केला. आतून माती निघाली तर ती कोणाच्या प्रेसमधली, हे कळायची सोय झाली.

हा न्याय मात्र गाठ विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. ती लालबाग-परळच्या गिरणीत गेली की तिची खोट कामगाराच्या अंगावर यायची. हलक्या रुईचं सूत तुटतं. साचेवाल्याने, म्हणजे विणकराने, साचा थांबवायचा, तार जोडायची, पुन्हा चालू करायचा. तेवढं कापड कमी, आणि त्याचा पगार कापडावर. विणीत दोष आला तर दंड. कित्येक गिरण्यांत ते बिघडलेलं कापडच त्याच्या गळ्यात मारून पगारातून पैसे कापत. 1928 च्या गिरणी संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढेही हा प्रश्न होता. 1936 च्या वेतन कायद्याने दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. नुकसानीपोटी कपात करायची वाट कायद्यात राहिलीच.

जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, गोष्ट मला याहून बोलकी वाटते. खात्याचं उत्पादन त्याच्या बोकांडी, माणसं कामाला लावणंही त्याच्याच हातात. बदलीवाल्याला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्याला, दिवस भरायचा तर जॉबरला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. वरच्या साहेबांना हे ठाऊक होतं. पण त्याच्यामुळे माणसं वेळेवर मिळत, म्हणून कोणी बोलत नसे. जॉबर लाचखोर होता, हे खरं. त्याला तसं राहू देणारे साहेब मला अधिक दोषी वाटतात.

   

साखळीच्या दुसऱ्या टोकाला कापूस पिकवणारा शेतकरी. त्याच्यासाठी राज्य सरकारने 1972 साली एकाधिकार खरेदी आणली, म्हणजे कापूस सरकारनेच विकत घ्यायचा. व्यापाऱ्याच्या तावडीतून तो सुटला, तर ग्रेडरची प्रतवारी आणि रखडलेले चुकारे वाट्याला आले. आजही हमीभावाच्या केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की कटती, 12 टक्क्यांच्या वर गेला की माल परत. मोजमाप होईस्तोवर भाड्याची गाडी दारात उभी असते.

म्हणून आपल्या कंपनीत किंवा संस्थेत नीतिनियम लिहायची वेळ आली, तर आधी एवढं तपासा: माल बिघडला की पैसे कोणाचे कापले जातात आणि त्याने दाद कुठे मागायची. आणि त्या बैठकीला ज्याचे पैसे कापले जातात त्यालाही बोलवा.