ग्रंथस्वामित्वाचा कायदा व संशोधकाचा हक्क

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत छापलेलें मराठी पुस्तक उघडलें, तर मुखपृष्ठावर किंवा त्याच्या पाठीमागें एक ठराविक नोंद बहुधा आढळते. सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणें पुस्तक नोंदविलें असून सर्व हक्क ग्रंथकर्त्यानें आपणाकडे ठेविले आहेत, असा तिचा आशय असतो. आपण ती ओळ वाचून पुढें जातों. परंतु हे 'सर्व हक्क' कोणते, ते कोणी दिले व किती काळ टिकतात, हे प्रश्न इतिहाससंशोधकास टाळतां येण्यासारखे नाहींत. एकानें श्रमानें वाचून छापलेला कागद दुसऱ्यानें उचलला कीं चौर्याची तक्रार होते. उलटपक्षीं दफ्तर बाळगणारा गृहस्थ 'कागद आमचा, सबब मजकूरही आमचा' असें म्हणून नक्कल नाकारतो. या दोन्ही समजुतींत कायद्यास मान्य असा अंश किती, हें पाहणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. पूर्वपीठिका. — या देशांतील पहिला ग्रंथस्वामित्वाचा कायदा म्हणजे सन १८४७ चा २० वा आक्ट होय. कंपनी सरकारच्या मुलखांत विद्यावृद्धीस उत्तेजन द्यावें, हा हेतु त्याच्या शीर्षकांतच नमूद आहे. हक्काची मुदत ठरविण्यास ग्रंथकाराची हयात अधिक ७ वर्षें व प्रकाशनापासून ४२ वर्षें अशीं दोन परिमाणें त्यांत होतीं. पुढें १८६७ चा आक्ट आला. तो मुख्यतः छापखान्यांच्या नियमनाचा व पुस्तकांच्या नोंदणीचा. छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारांत दाखल कराव्या लागत व दर तिमाहीस पुस्तकांची यादी सरकारी ग्याझेटांत प्रसिद्ध होई. मराठी ग्रंथांचा इतिहास लिहिणारांस या याद्या आज अमोल ठरल्या आहेत; हक्करक्षणासाठीं केलेली नोंद इतिहासाचें साधन झाली.

या जुन्या कायद्यांत भाषांतराची बंदी स्पष्ट नव्हती. १८९५ सालीं गणिताच्या इंग्रजी पुस्तकांच्या उर्दू भाषांतरांविषयीं म्याक्मिलन कंपनीनें आणलेल्या दाव्यांत, भाषांतर म्हणजे मूळ ग्रंथाची नक्कल नव्हे, असाच निर्णय मुंबई हायकोर्टानें दिला. इंग्रजी ग्रंथांच्या आधारें देशी भाषांत पुस्तकें रचली जात होतीं, त्या काळाच्या दृष्टीनें हा निर्णय लहानसहान नव्हता.

सन १९११ चा बादशाही कायदा कांहीं फेरफारांसह १९१४ च्या ३ऱ्या आक्टानें येथें लागू झाला. हयात व त्यानंतर ५० वर्षें अशी मुदत आली, आणि हक्कभंग हा फौजदारी गुन्हाही ठरला. मात्र येथें प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या भाषांतराचा हक्क प्रकाशनापासून १० वर्षेंच ठेविला. त्या अवधींत ग्रंथकारानें स्वतः वा अनुमतीनें एखाद्या भाषेंत भाषांतर प्रसिद्ध केलें, तर त्या भाषेपुरता तो पुढें टिके.

२. विद्यमान कायदा. — स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ चा १४ वा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अंमलांत आला. मुदत प्रथम ५० वर्षेंच होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ सालीं निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क १९९१ अखेर संपणार, त्या सुमारास वटहुकूम निघाला व १९९२ च्या दुरुस्तीनें ५० चीं ६० वर्षें झालीं. मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजावयाची. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं वारले. म्हणून त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केलेल्या प्रस्तावनांवरील हक्क १९७६ अखेर संपला, व पुढील दुरुस्तीनें तो पुनरुज्जीवित झाला नाहीं. साने गुरुजी १९५० सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांचा हक्क २००० अखेर संपावयाचा, तो वाढीव मुदतीमुळें २०१० अखेरपर्यंत चालला.

हक्क उत्पन्न होण्यास नोंदणी आवश्यक नाहीं. लेखन होतांच तो उत्पन्न होतो. नोंदणी केवळ पुराव्याच्या उपयोगाची. हक्क दुसऱ्यास देणें तें लेखी असावें लागतें, आणि मुदत लिहिली नसेल तर तें ५ वर्षांचेंच धरलें जातें. कल्पना किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचेंच स्वामित्व नाहीं. हक्क आहे तो मांडणीवर. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यांत हें तत्त्व स्पष्ट केलें. सबब एखाद्या लढाईची तिथि प्रथम निश्चित करणारा संशोधक त्या तिथीचा मालक होत नाहीं.

३. संपादकाचा हक्क. — आतां मुख्य प्रश्न. मूळ मजकूर जुना, संपादक नवा. मग हक्क कशावर? या बाबतींत मुंबईच्याच एका वादाचा निकाल मार्गदर्शक आहे. सर टॉमस नॉर्थ यानें सोळाव्या शतकांत केलेल्या प्लुटार्कच्या भाषांतरांतील शिकंदरचरित्राचे वेंचे घेऊन, टीपा जोडून, म्याक्मिलन कंपनीनें शालेय पुस्तक काढलें. मुंबईच्या के. आणि जे. कूपर यांनीं तसेंच पुस्तक काढलें. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२४ च्या निकालसंग्रहांत आलेल्या त्या निर्णयाप्रमाणें, केवळ गाळागाळ करून जोडलेल्या जुन्या मजकुरावर नवा हक्क उत्पन्न होत नाहीं. परंतु टीपा हें संपादकाचें स्वतंत्र कार्य असून त्यांची नक्कल हा हक्कभंग होय.

२००७ सालीं ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व अधिक बारकाईनें लाविलें. न्यायनिर्णयांतील छापील चुका दुरुस्त करणें हें हक्कास पुरेसें नाहीं. श्रम व पैसा खर्च झाला एवढ्यानें भागत नाहीं, तर कौशल्य, विवेक व अल्प तरी सर्जन पाहिजे. मात्र विचारपूर्वक केलेले परिच्छेद, अंतर्गत निर्देश, तसेंच कोणता न्यायाधीश सहमत व कोणता विरुद्ध याचा उलगडा, हें संपादकाचें म्हणून मान्य झालें.

या दोन निर्णयांवरून असें अनुमान निघतें कीं, मोडी पत्राचें अक्षरशः बालबोध रूप छापल्यानें पत्राचा मजकूर संपादकाचा होत नाहीं. त्याची प्रस्तावना, टीपा, कालनिर्णयाचें विवेचन व विवेकानें केलेली रचना मात्र त्याची होय.

४. दफ्तरदाराचा हक्क. — कागदाची मालकी व मजकुराचें स्वामित्व या दोन वस्तु भिन्न आहेत. पत्र ज्याच्या घरीं आहे त्यास तें न दाखविण्याचा अधिकार आहे. परंतु मजकुरावरील हक्क, शिल्लक असल्यास, पत्रलेखकाचा व त्याच्या वारसांचा. सार्वजनिक ग्रंथालयांत वा संग्रहालयांत असलेल्या अप्रकाशित लेखनाची संशोधनार्थ किंवा प्रकाशनार्थ नक्कल करण्यास ५२ व्या कलमानें मोकळीक दिली आहे. लेखक कोण हें संस्थेस ठाऊक असेल, तर त्याच्या मृत्यूस ६० वर्षें होऊन गेलेलीं असावीं, एवढीच अट. पेशवाईंतील कागद सार्वजनिक संग्रहांत आला, तर या अटीची अडचण मुळींच उरत नाहीं.

तात्पर्य, छापलेला जुना कागद पुन्हा छापणारास कायदा सहसा अडवीत नाहीं. परंतु पहिल्या वाचकाचें नांव गाळण्याचें समर्थनही त्यांतून निघत नाहीं. अडलेलें अक्षर ज्यानें प्रथम लाविलें, त्याचा उल्लेख करण्यास कलमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आणि ज्यांच्या घरीं दफ्तरें आहेत, त्यांनीं मजकुराच्या हक्काची शंका बाळगून ते कागद वाळवीच्या स्वाधीन करूं नयेत, अशी विनंती आहे.