दिसेनाशी होणारी नाणी

गोष्ट आहे मागच्या सेमिस्टरची. आमच्या विंगमधल्या एकाचं बँक खातं अचानक गोठलं. मेसचे पैसे भरायला गेला तर यूपीआय फेल. बँकेत विचारलं तर म्हणे, "सायबर पोलिसांचं पत्र आलंय, आमच्या हातात काही नाही." पत्र तरी कुठलं? दुसऱ्याच राज्यातलं! झालं असं होतं की त्याने आपल्याकडचे थोडेसे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली क्रिप्टो नाणी, टेलिग्रामवर भेटलेल्या अनोळखी माणसाला विकली होती. त्या माणसाने खात्यात टाकलेले साडेआठ हजार कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले. पुढे कित्येक दिवस साहेबांचा वडापाव आमच्या खिशातून!

त्या रात्री रूमवर वाद रंगला. एकजण ठासून म्हणाला, "मोनेरो वापरायला हवं होतं, कुणाला पत्ताच लागला नसता." ऐकायला बरं वाटतं, पण चूक. अडकले ते रुपये, नाणी नव्हेत. रुपये बँकेतूनच येणार, मग नाणं कितीही गुप्त असेना का! पण त्यानिमित्ताने मी थोडं वाचलं, त्याचाच हा लेख.

बिटकॉइन म्हणजे गुप्त पैसा, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज आहे. प्रत्यक्षात उलट आहे. समजा, मेसच्या हिशोबाची वही भिंतीला टांगून ठेवली आणि नावांऐवजी नुसते नंबर लिहिले. ४७ नंबर कोण हे कुणाला माहीत नाही. पण एकदा तुम्ही कुणासमोर "४७ वर लिहा" म्हणालात की संपलं! फर्स्ट इयरपासून किती ऑम्लेटं हाणलीत ते सगळं त्याला वाचता येतं, आणि त्या वहीचं पान कधी फाडताही येत नाही. बिटकॉइनची वही अशीच जगजाहीर आहे. तुमचं पासबुक निदान शेजारच्या रूमवाल्याला तरी दिसत नाही.

या उघड्या वहीवर उतारा म्हणून एप्रिल २०१४ मध्ये मोनेरो आलं. एस्पेरान्तो भाषेत मोनेरो म्हणजे नाणं. कुणी दिले, कुणाला दिले आणि किती दिले, या तिन्ही गोष्टी त्यात झाकलेल्या असतात.

कुणी दिले हे लपवते रिंग सिग्नेचर. तुमच्या नाण्यासोबत वहीतली आणखी पंधरा जुनी नाणी उचलली जातात आणि सही अशी होते की "या सोळांपैकी एकाच्या मालकाने केली" एवढंच सिद्ध व्हावं. ऑगस्ट २०२२ पर्यंत हा आकडा अकरा होता. मग कुणी तेच नाणं दोनदा खर्च केलं तर? त्यासाठी प्रत्येक नाणं खर्च होताना एक ठसा सोडतं, त्याला की इमेज म्हणतात. एका नाण्याचा ठसा एकच, पण ठशावरून नाणं ओळखता येत नाही. तोच ठसा परत दिसला की व्यवहार बाद. घेणाऱ्याचं नाव लपवायला दर वेळी नवा, एकदाच वापरायचा पत्ता तयार होतो.

रकमेची गंमत मात्र खरी बघण्यासारखी आहे. जानेवारी २०१७ पासून मोनेरोत रक्कम एका गणिती पाकिटात बंद होऊ लागली. एलिप्टिक कर्व्हवरचे दोन ठरलेले बिंदू घ्यायचे. एकाला रकमेने गुणायचं, दुसऱ्याला एका रँडम संख्येने, आणि दोन्हींची बेरीज करायची. आत किती आहे ते बाहेरून कळत नाही, पण पाकिटांची बेरीज-वजाबाकी होते! आलेल्या पाकिटांतून गेलेली पाकिटं आणि फी वजा केली की शून्य रकमेचं पाकीट उरलं पाहिजे. उरलं तर हिशोब बरोबर, आणि आकडा कुणीच पाहिलेला नाही. आता एखादा शहाणा उणे हजारचं पाकीट बनवून दुसरं तेवढंच फुगवेल, म्हणून रक्कम उणे नाही याचा वेगळा पुरावा जोडावा लागतो. एम-थ्रीच्या तासाला झोपा काढणाऱ्यांनो, गणिताचा उपयोग काय म्हणून विचारत होतात ना?

झीकॅश नावाच्या दुसऱ्या नाण्यात लपवायचं की नाही हे वापरणारा ठरवतो. ते आलं ऑक्टोबर २०१६ मध्ये. नेमक्या त्याच महिन्यात आपलं मीरा रोड जगभरच्या बातम्यांत झळकलं, पण भलत्याच कारणाने. ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं, सत्तर जणांना अटक केली. अमेरिकन लोकांना फोन करून "तुमचा कर थकलाय, पोलीस येतील" म्हणून घाबरवायचं आणि पैसे गिफ्ट कार्डांतून उकळायचे असा तो धंदा. पकडलेल्यांत आपल्याच वयाची बरीच पोरं होती.

गिफ्ट कार्डच का? कार्डाचा नंबर ज्याच्या हातात त्याचे पैसे, नाव-गाव विचारत नाही कुणी. तरीही कार्ड कुठल्या दुकानातून गेलं, कुठे वापरलं, याची नोंद कंपनीकडे राहतेच. तीही नोंद गेली तर तपासणाऱ्याने काय बघायचं? सरकारांची भीती अगदीच पोकळ नाही. १८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. चोरांनी त्यातली नाणी टॉर्नेडो कॅश नावाच्या मिक्सरमधून घुसळून काढली. मिक्सर म्हणजे अनेकांची नाणी एकत्र टाकून कुणाचं कोणतं हे पुसणारा प्रोग्राम. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने या चोरीचं बोट उत्तर कोरियाकडे दाखवलं. ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकून पडले.

गणित तर मोडता येत नाही, म्हणून सरकारं दारात उभी राहतात. दार म्हणजे एक्स्चेंज, जिथे नाण्याचे रुपये होतात. जपानच्या एक्स्चेंजांनी २०१८ मध्येच मोनेरो काढून टाकलं, दुबईने फेब्रुवारी २०२३ मध्ये अशा नाण्यांवर बंदी घातली, बायनान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरोचा व्यवहार थांबवला. युरोपात जुलै २०२७ पासून एक्स्चेंजांना ही नाणी ठेवता येणार नाहीत. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं, ते परिपत्रक सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. मग २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस आला. ७ मार्च २०२३ पासून एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली, म्हणजे केवायसी आलंच.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. घरून किती पैसे येतात, कुठल्या डॉक्टरकडे जाता, हे सगळ्या जगाने का वाचावं? आणि आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांनी एक खटला लक्षात ठेवावा. टॉर्नेडो कॅश लिहिणाऱ्यांपैकी रोमन स्टॉर्म याला ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने परवान्याविना पैसे फिरवण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवलं, बाकी दोन आरोपांवर मात्र त्यांचं एकमत झालं नाही. चोरी त्याने केली नव्हती, प्रोग्राम लिहिला होता. सुरी बनवणाऱ्याला पकडायचं का, असं आम्ही म्हणायचो. पण या सुरीवाल्याचं दुकान चालूच होतं, आणि गिऱ्हाईक कोण येतंय ते त्याला कळत होतं, असं सरकारी वकिलांचं म्हणणं.

मला स्वतःला मोनेरोतली व्ह्यू की आवडते. ती कुणाला दिली तर त्याला तुमच्याकडे आलेले पैसे दिसतात, पण खर्च करता येत नाहीत. आयकरवाल्याला दाखवा, शेजाऱ्याला नको. अडचण एवढीच की ती द्यायची की नाही हे मालक ठरवतो, आणि चोर ती कशाला देईल? हे विचारलं तेव्हा मोनेरोवाले आमचे मित्र पहिल्यांदा गप्प बसले.

विंगमधल्या पठ्ठ्याचं खातं अडीच महिन्यांनी सुटलं, साडेआठ हजार मात्र अजून अडकलेत. परवा त्याला टेलिग्रामवर पुन्हा मेसेज आला : "खातं भाड्याने देणार का, दोन टक्के कमिशन." त्याने तो आम्हाला वाचून दाखवला आणि समोरच्याला ब्लॉक केलं.