ओट्याचा दगड आणि हळदीचा डाग

घर चाळीतले असो, पत्र्याचे असो, की पुनर्वसनाच्या इमारतीतल्या सातव्या मजल्यावरचे असो, बाईचा निम्मा दिवस ओट्यापाशी जातो. (हल्ली काही घरांत पुरुषांचाही जातो. जिथे जात नसेल तिथे जायला हवा.) म्हणून घराला चार पैसे लावायची वेळ आली की भिंतीच्या रंगाआधी ओट्याचा विषय निघतो. आमच्याकडेही तसेच झाले.

२०१९ च्या मार्च महिन्यात आम्ही पतपेढीचे कर्ज काढून ओटा नवा केला. आधी सिमेंटचा कोबा होता, तो जागोजागी खरवडला होता. ग्रॅनाइट झेपण्यासारखे नव्हते, म्हणून पॉलिश केलेला काळा कडप्पा बसवला. दगडाच्या दुकानदाराने वर एक बाटली दिली. ‘ताई, हे सीलर आहे. एकदा लावलं की दहा वर्षं बघायला नको. कसलाच डाग पडणार नाही.’ बाटलीचे पैसे अर्थातच वेगळे. आम्ही ते लावले, ओटा आरशासारखा दिसू लागला, आणि सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवू लागल्या.

पंधरा दिवस झाले नसतील. रविवारी सोलकढी केली, पिळलेल्या लिंबाच्या फोडी आणि भिजलेली आमसुले रात्रभर ओट्यावरच राहिली. सकाळी पाहते तर तिथे पांढुरके, खरखरीत चट्टे. साबणाने घासले, सोड्याने घासले, जाईनात. कोणीतरी सांगितले, मोरीचे ॲसिड मारा. कोपऱ्यात थोडे टाकले, तर फसफसून फेस आला आणि हाताच्या पंज्याएवढा भाग पांढराफटक पडला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आमच्या वस्तीत एक म्हातारे लादीवाले काका आहेत. सारा जन्म त्यांनी दगड बसवण्यात घालवला. ते आले, ओट्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, ‘ताई, हा डाग नव्हं. डाग म्हंजे दगडात काहीतरी शिरलं. हितं उलटं झालंय, दगडच निघून गेलाय. त्याला तुमची बाटली काय करनार?’

भगिनींनो, या विषयावर पुढे मी पुष्कळ विचारपूस केली, वाचले. पण साऱ्याचे मर्म काकांच्या या बोलण्यातच आहे. डाग वेगळा आणि चट्टा वेगळा. सीलर डागाला अटकाव करते. आंबट पदार्थाने दगड खाल्ला जातो, त्याला सीलर थांबवू शकत नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण सांगितले तर बाटली खपायची नाही.

असे का होते? कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. कडप्पा आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातला, शहाबादी कर्नाटकात गुलबर्ग्याजवळच्या शहाबादचा, कोटा राजस्थानातला. संगमरवरही मुळात चुनखडीच. जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने तिचे रूप पालटले इतकेच. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा दगड असो की आपल्या ओट्याचा कडप्पा, लिंबाचा रस दोघांनाही सारखाच लेखतो. चुना आणि आम्ल एकत्र आले की वायू सुटतो आणि चुना विरघळतो. फसफसणे दिसते ते तेच. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, ताक, व्हिनेगर या सगळ्यांत आम्ल आहे. लिंबाने हळूहळू होते, मोरीच्या ॲसिडने क्षणात होते.

ग्रॅनाइटचे तसे नाही. तो ज्वालामुखीच्या कुळातला, पण जमिनीखालीच थंड झालेला दगड. त्यात चुनखडी नाही, म्हणून लिंबाचिंचेला तो सहसा दाद देत नाही. मात्र त्याच्या कणांमध्ये बारीक फटी असतात, त्यांतून तेल आणि पाणी झिरपते. पांढरट, गुलाबी, पिवळसर ग्रॅनाइट जास्त पितो. बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून मिळतो तो पुष्कळदा खरा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा त्यासारखा घट्ट काळा दगड असतो. ओंगोलजवळच्या चीमकुर्तीचा, चमचमते ठिपके असलेला ‘ब्लॅक गॅलेक्सी’ त्यातलाच. तो इतका घट्ट असतो की त्याला सीलरची फारशी गरजच नसते. उलट लावले तर ते आत न शिरता वर थर धरून बसते आणि ओटा धुरकट दिसतो. म्हणजे पैसे देऊन ओटा खराब करून घ्यायचा.

तेव्हा बाटली घेण्याआधी आपला दगड कोणता ते पाहावे. गवंड्याकडून उरलेला तुकडा मागून घ्या. तो नसेल तर ओट्याच्या खालच्या बाजूला, नजरेत न येणाऱ्या जागी करा. लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. जागा फिकी किंवा खरखरीत झाली तर दगड चुनखडीचा. सुरीच्या टोकाने ओढल्यावर सहज ओरखडा उठला तर तीच खूण. ग्रॅनाइटवर सुरी घसरते.

दुसरी परीक्षा पाण्याची. कोरड्या ओट्यावर चमचाभर पाणी टाकून पंधरा मिनिटे थांबा आणि पुसा. खाली दगड गडद झाला असेल तर तो पाणी पितो, सीलर लावायला हरकत नाही. काहीच फरक नसेल तर बाटली दुकानातच राहू द्या. काळ्या दगडावर गडदपणा चटकन कळत नाही, तिथे खिडकीच्या उजेडात तिरपे पाहावे.

आता सीलर करते काय? चांगले सीलर दगडावर काचेसारखा थर धरत नाही. ते आत मुरते आणि बारीक छिद्रांच्या भिंतींना चिकटून त्यांना असे करते की पाणी आणि तेल आत ओढले जात नाही. अळूच्या पानावर पाणी कसे गोळा होऊन राहते, तसेच काहीसे. छिद्रे मात्र बंद होत नाहीत, त्यामुळे आतली ओल वाफ होऊन बाहेर पडू शकते. पण हे चिलखत नव्हे. हळद सांडली तर ती लगेच आत शिरत नाही, पुसायला आपल्याला थोडा अवधी मिळतो. फडके फिरवायचा आळस केला तर तो अवधी संपतो. दहा वर्षांची हमी तर विसराच. रोजच्या घासण्याने सीलर झिजते, शेगडीच्या आणि सिंकच्या बाजूला आधी. वर्षातून एकदा पाण्याची परीक्षा करून पाहावी आणि दगड पाणी पिऊ लागला तरच पुन्हा लावावे.

लावण्याची रीत साधी आहे, पण घाई केली की बिघडते. ओटा नवा असेल तर खालच्या सिमेंटची ओल निघून जायला काही आठवडे द्या. ओल्या दगडात सीलर मुरत नाही. जुना असेल तर डिटर्जंटच्या पाण्याने तेलकटपणा काढून साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण दिवसभर कोरडा होऊ द्या. त्या दिवशी स्वयंपाक बाहेर किंवा शेजारी. मग हातमोजे घालून सुती फडक्याने पातळ हात द्या आणि डब्यावर लिहिली असतील तेवढी मिनिटे थांबा. नंतर जे आत मुरले नाही ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने निपटून काढा. निम्म्या बायका इथेच चुकतात. त्यांना वाटते, वर राहिले तर जास्त टिकेल. ते टिकत नाही, त्याची धुरकट, चिकट साय होते. तसे झालेच तर त्यावर थोडे ताजे सीलर लावून लगेच पुसून घ्यावे, साय सुटते. त्यानंतर एक दिवस पाणी लागू देऊ नये.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाळायची. काही सीलर पाण्यातले असतात, काही थिनरसारख्या द्रवातले. थिनरवाल्याची वाफ पेट घेते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत गॅसचा बाटला, शेगडी, अगरबत्ती सगळे जवळजवळ. तेव्हा रेग्युलेटर बंद करा, ज्योत कुठलीही नको, खिडकी-दार उघडे ठेवा, लेकरांना बाहेर पाठवा. दोन्ही मिळत असतील तर लहान घराला पाण्यातले बरे.

सिंकसाठी दगड कापतात ती कड पॉलिश नसते. ती सर्वांत जास्त पाणी पिते आणि तिथूनच ओटा काळवंडतो. तिला खालच्या अंगानेही सीलर द्यावे. कापायचे काम घरात कोरड्या कटरने करू देऊ नका, पाणी सोडून कापायला सांगा. घर धुळीने भरते हा त्रास किरकोळ. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि एकदा झालेला सिलिकोसिस बरा होत नाही. कारखान्यात बनलेल्या क्वार्ट्झच्या ओट्यात सिलिका त्याहून जास्त. त्याला सीलर लागत नाही असे जाहिरातीत सांगतात, ते खरे आहे, पण कापणाऱ्याच्या छातीत काय जाते ते सांगत नाहीत. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असल्या दगडावर बंदी घातली. आपल्या वस्त्यांत लादीकाम करणारी पुष्कळ मुले आहेत, तोंडाला रुमाल बांधून काम करतात. रुमालाने ही धूळ अडत नाही.

ओट्याला खोबरेल चोळायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कडप्पा दोन दिवस काळाभोर दिसतो खरा, पण खोबरेल वाळत नाही, त्यावर धूळ आणि पीठ बसते आणि पुढे सीलर मुरायला जागा राहत नाही. जवसाचे तेल वाळते, पण चिकट पापुद्रा धरते. शिवाय जवसाच्या तेलात भिजलेले फडके बोळा करून टाकले तर आपोआप पेटू शकते. ते पसरून वाळवावे. फर्निचरचे वॉर्निशही ओट्याला नको, गरम भांडे टेकले की सोलून निघते.

डाग पडून गेला असेल तर? दगडात शिरलेली वस्तू घासून निघत नाही, तिला ओढून बाहेर काढावे लागते. तेलाच्या डागाला खाण्याचा सोडा थोड्या डिटर्जंटच्या पाण्यात थापण्याजोगा कालवून अर्धा सेंटीमीटर जाड लेप द्यावा. वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवावे, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्यावा. वाळताना तो तेल ओढून घेतो. एका वेळी जात नाही, दोन-तीनदा करावे लागते. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे आपल्याला ठाऊक आहे. फिकट दगडावर तसे झाले तर घाबरू नये. त्याच सोड्यात पाण्याऐवजी औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड घालून लेप द्यावा. काळ्या दगडावर आधी कोपऱ्यात करून पाहावे. हळदीचे फडके उन्हात वाळवले की पिवळेपणा उडतो, तसा खिडकीजवळच्या ओट्यावरचा डागही दिवसांनी फिका होतो.

गंज काढायच्या तयार औषधांपासून मात्र दूर राहा. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असते. ते ग्रॅनाइटलाही खाते आणि अंगावर पडले तर खोलवर भाजते. आणि चट्टा जात नाही म्हणून ॲसिड आणि ब्लीचिंगचे पाणी एकत्र कधीही करू नका. त्यातून क्लोरीन सुटतो. लहान मोरीत तो जीव घेऊ शकतो.

आमच्या ओट्याचे काय झाले? लिंबाचे चट्टे काकांनी वॉटर पेपरने पाणी घालून घासले, आधी जाड, मग बारीक, मग अगदी बारीक. दीड तास लागला. मजुरी घेतली नाहीत, चहा घेतला. चट्टे गेले, पण तेवढ्या भागाची झळाळी उरलेल्यापेक्षा थोडी कमी आहे. ॲसिडचा कोपरा पुरता भरला नाही. त्यावर मिठाची बरणी ठेवली आहे. लिंबू-कोकम आता ताटलीतच चिरतो, आणि ताकाच्या पातेल्याखाली लाकडी पाट असतो. सासूबाईंचा पाटा-वरवंटा खाली जमिनीवर आहे. त्याला सीलर लावायचा का, असे धाकट्या जावेने विचारले होते. त्याला लावायचे नाही. तो काळ्या पाषाणाचा आहे, त्यावर आपण थेट वाटतो, ते पोटात जाईल. त्याला टाकीच लावून घ्यायची.

सीलरचा लिटरचा डबा एका घराला फार होतो. आठ फूट बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे सोळा चौरस फूट. डब्यावर किती जागेला पुरेल ते लिहिलेले असते, हिशेब करून पाहा. गेल्या खेपेला आम्ही चार घरांनी मिळून एक डबा आणला, एका रविवारी चारही ओटे केले आणि उरलेल्या डब्यावर उघडल्याची तारीख खडूने लिहून तो पोटमाळ्यावर, शेगडीपासून लांब ठेवला.